दगडाची मऊ बाजू

“थरथरतो म्हणून लिहिलंस?”

“थरथरतो म्हणूनच लिहिलं.”

“कधी थरथरला? एक दिवस सांग. एकच.”

“तोंड इकडे करून बोल.”

“तुझ्याकडेच आहे तोंड. माझा हात कधी थरथरला, आत्या?”

“आत्ता बघ की. तो कागद कसा हलतोय.”

कागद खरंच हलत होता. भाचीने तो दुसऱ्या हातात घेतला, तर तो तिथेही हलायला लागला. परगावच्या एका प्रयोगशाळेचं ते नकाराचं पत्र होतं, कारणासकट. तिथे भिंगांचे पृष्ठभाग मोजायचं काम होतं आणि भाचीने तीन महिन्यांपूर्वी त्यासाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, राहायला खोली कुठे मिळेल याची चौकशीसुद्धा करून झाली. मग प्रयोगशाळेने वर्कशॉपला एक छापील फॉर्म पाठवला. ही मुलगी तुमच्याकडे सहा वर्षं आहे, तर तिच्या हाताच्या स्थिरतेबद्दल चार शब्द लिहावेत. आत्याने मोजून चारच लिहिले : ‘हात थरथरतो. चालणार नाही.’ खाली सही केली, खोलीचा शिक्का मारला आणि पाकीट स्वतः पोस्टात टाकून आली.

भाची विचारत होती की तुझं मी काय वाकडं केलं होतं. आत्या सूक्ष्मदर्शकाची काच पुसत होती.

“सहा वर्षं तुला इथे बसवून ठेवलंय ते काय लोकांची भिंगं मोजायला?”

“बसवूनच ठेवलंयस. शिकवलं कुठे?”

“बस आता. उद्या चाचणी आहे. मला आज दगड बसवायचाय.”

आणि भाची बसली. सहा वर्षांची सवय होती, गुडघे आपोआप वाकले.

ही खोली वर्कशॉपच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली. लांबीला दहा पावलं, रुंदीला चार. एक बाक, एक सूक्ष्मदर्शक, चांदी वितळवायची गॅसची बारीक बत्ती आणि मधोमध लोखंडाचं आडवं फिरणारं चाक, तेल आणि हिऱ्याची भुकटी चोपडलेलं. या खोलीत हिरा हा शब्द कोणी वापरत नाही. हिरा म्हणणारी माणसं बाहेरची. इथे तो दगड. मसुरीच्या दाण्याएवढा, तपकिरी, कोणी अंगठीत घालणार नाही असा. तो पोलादी दांड्याच्या टोकावर चांदी वितळवून बसवायचा, तेही झटपट, कारण फार तापला तर दगड कोळशासारखा जळतो. मग त्याला धार लावायची. ते टूल लेथवर चढलं की अ‍ॅल्युमिनियमचा साधा पोकळ ड्रम आरसा होऊन खाली उतरतो. लोखंडाला मात्र हे टूल लावायचं नाही. कापता कापता तापलेलं लोखंड दगडालाच खातं. नव्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं की तो हसतो, घरी जाऊन गुपचूप करून बघतो आणि आठवड्याने बोथट टूल रुमालात बांधून परत येतो.

आत्या एकतीस वर्षं हे काम करत होती. वर्कशॉपमध्ये तिचं नाव कानसेन. ते नाव कौतुकाने पडलं होतं, नंतर ते वेगळ्याच कारणाने टिकलं. ते कारण फक्त दोघींना माहीत होतं.

कौतुकाचं कारण असं की दगड सगळ्या बाजूंनी सारखा कठीण नसतो. एका दिशेने तो चाकावर धरला तर मुकाट घासला जातो, गुणगुणतो. दुसऱ्या दिशेने धरला तर किंचाळतो आणि केसभरही झिजत नाही. ज्या दिशेने तो किंचाळतो, ती दिशा धातूच्या तोंडाला यायला हवी. तशी आली तर टूल महिनोन् महिने चालतं. चुकली तर दगड तोच, चांदी तीच, धारही तशीच लखलखीत, पण दोन दिवसांत सगळं संपतं. बाहेरून बघून हे कळत नाही. ऐकावं लागतं. कठीण बाजू सापडली की तिच्यावर शाईची खूण करायची.

तिच्या वडिलांनी तिला हे ऐकायला शिकवलं ते डोळे बांधून. ती तेव्हा शाळेत जायची. संध्याकाळी घरी आली की तिला चाकापाशी उभं करायचं, डोळ्यांवर फडकं आवळायचं आणि दगड टेकवायचा. “कुठली?” तिने मऊ म्हणायचं किंवा कठीण म्हणायचं. चुकली की कानाच्या पाळीवर टिचकी. टिचकी म्हणजे लाडाची नव्हे, बोटाच्या हाडाने मारलेली. वर्षभरात ती चुकेनाशी झाली. वडिलांनी वर्कशॉप धाकट्या मुलाच्या नावावर केलं आणि खोली हिला दिली. यात काही अन्याय झाला असं तिला कधी वाटलं नाही. खोलीवाचून वर्कशॉप म्हणजे नुसते पत्रे, असं ती भावाच्या तोंडावर सांगायची, आणि भाऊ ते ऐकून घ्यायचा.

लग्न तिने केलं नाही. लेथवाले चहा पिताना म्हणायचे की कानसेनबाई म्हणजे अस्सल दगड. खऱ्या दगडावर श्वास सोडला तर वाफ पापणी लवायच्या आत उडून जाते आणि ओठाला लावला तर तो बर्फासारखा गार लागतो. बाईंच्या जवळ जाऊन बघा म्हणायचे, तसंच होतं. हे तिच्या कानावर गेलं तेव्हा ती खूश झाली. म्हणाली, पुढचं पण सांगा त्यांना. दगडावर ओरखडा उठत नाही, पण नेमक्या जागी ठोका बसला तर सरळ दोन तुकडे होतात. तेवढी जागा मी कोणाला दाखवत नाही.

ती जागा आठ वर्षांपूर्वी तिलाच सापडली. आधी किंचाळणं बारीक झालं. मग फक्त सकाळी, ताज्या कानांना ऐकू यायचं. मग एका दिवशी दगड चाकावर टेकवला आणि मोटरच्या घरघरीशिवाय काहीच आलं नाही. जे ऐकण्यात सगळं आयुष्य गेलं त्यानेच कान खाल्ले होते. बोटांना पूर्वी थोडं कळायचं, पण चाकाच्या थरथरीने बोटांची टोकंही बधिर झालेली. त्या महिन्यात एक टूल दोन दिवसांत बोथट होऊन परत आलं. आत्याने खोलीतल्या मदतनिसाकडे बोट दाखवलं. तो बारा वर्षांचा जुना माणूस, फक्त दगड धुऊन पुसून ठेवायचा. दगड पुसताना त्याने खुणेची बाजू फिरवली, असं तिने सांगितलं. भावाने त्याला त्याच शनिवारी काढलं. तो जाताना आत्याच्या पाया पडला. तिने पडू दिलं.

त्यानंतर दोन वर्षं तिने जुन्या खुणांवर आणि नशिबावर काढली, आणि मग भाचीला मागून घेतलं. पोरगी बारावी झालीय, घरात बसून काय करणार, माझ्याजवळ राहू दे, दोन वर्षांत तयार करते, खोली पुढे तिचीच आहे. भाऊ भारावून गेला.

तयार काय केलं, तर भाचीचा डावा पाय. भाचीने आत्याच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसायचं, पायाला पाय लावून. दगड किंचाळला की एकदा दाबायचा. गुणगुणला की स्वस्थ राहायचं. दार लावलेलं असायचं. बाहेरच्यांना वाटायचं, केवढी विद्या चाललीय आत.

सहा वर्षांत आत्याने दगड तिच्या हातात चार वेळा दिला. चारही वेळा दार उघडं टाकून, लेथवाल्यांना बोलावून. हिच्या चिमट्यात दगड बघा, झुरळ पकडल्यासारखा, म्हणायची. मग सगळे हसायचे आणि भाचीही हसायची, कारण न हसून काय करणार. रात्री घरी तिचे बाबा विचारायचे की कितपत आलं. ती म्हणायची, येतंय. खरं म्हणजे तिला सगळं आलं होतं. भिंतीपलीकडे चाक सुरू असलं तरी ती सांगू शकायची की आत्याने दगड किती अंश फिरवलाय. फक्त ते सांगायची जागा तिच्याकडे एकच होती, डाव्या पायाचा अंगठा.

आता चाचणीचं. धाकट्या भावाने, म्हणजे भाचीच्या बाबांनी, बाहेरून तयार टोकं मागवली होती. हिऱ्याच्या बारीक दाण्यांची एकत्र दाबून केलेली चकती, तिचा कापलेला तुकडा. तिला बाजूच नाही. कशीही बसवा, सगळीकडून सारखी. ऐकायला नको, शोधायला नको, ठोकाही बऱ्यापैकी सोसते. कोणीही बसवू शकतं. भावाने हे सगळं आत्याला खोलीत येऊन, हातात टेप घेऊन सांगितलं. नवं मशीन इथे बसेल का ते तो मोजत होता. बाकाखालचं माप घेताना म्हणाला, “ताई, पाय जरा वर घे.”

तिने पाय वर घेतले. त्याने माप घेतलं. मग ती म्हणाली, एक दगड मला दे. एक टूल मी करते, एक तुझं. त्याच लेथवर, त्याच मालावर चालव. मोठ्या गिऱ्हाइकाचा तपासनीस बोलाव. माझं आधी गेलं तर खोली घे. तुझं आधी गेलं तर मी मरेपर्यंत या दाराला टेप लावायचा नाही.

भाऊ चालेल म्हणाला. त्याने तपासनिसाला आधीच बोलावलं होतं.

तर तो दगड बसवायचा दिवस हा. सकाळी पत्र आलं आणि सकाळीच दगड बसवायचा होता. आत्याने तीन दगडांतून एक निवडला. श्वास सोडून बघितला, काही गरज नसताना. चाक सुरू केलं. भाचीचा पाय शेजारी आला.

“हात मांडीवर ठेव,” आत्या म्हणाली. “तुझा थरथरता हात बाकाला लागला तर माझा दगड उडेल.”

ती हे हसत म्हणाली. पत्राचं भांडण तिच्या दृष्टीने मिटलं होतं.

दगड पहिल्यांदा टेकला. तो गुणगुणला, मऊ, पोटातून आल्यासारखा. अशा वेळी पाय स्वस्थ राहायला हवा. भाचीने पाय दाबला.

आत्याने मान हलवली. खात्रीसाठी दगड काटकोनात फिरवला आणि पुन्हा टेकवला. आता तो किंचाळला. भाचीच्या दाढांपर्यंत कळ गेली. दाराबाहेर कोणीतरी शिवी हासडली. भाचीने हात मांडीवर ठेवले होते. ते अजिबात थरथरत नव्हते. पायही जागचा हलला नाही.

“पहिलीच,” आत्या म्हणाली आणि काळ्या शाईचा ठिपका मऊ बाजूवर ठेवला.

चांदी वितळली, दगड बसला. मग धार. दगडाची धार लावायला तिला एरवी सबंध दुपार लागायची, मान मोडून यायची. आज चहाच्या सुट्टीआधीच झाली. आत्याने सूक्ष्मदर्शकातून बघितलं. एक खाच नाही, एक ओरखडा नाही. तिने भावाला बोलावून दाखवलं. अर्ध्या वेळात केली म्हणाली. एकतीस वर्षांत अशी धार लागली नव्हती म्हणाली. याला हात म्हणतात.

भाची स्टुलावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होती. पहिल्या आठवड्यात आत्यानेच तिला सांगितलं होतं : जो दगड लवकर घासला जाईल त्याला घाबर, तो लवकर झिजायलाच बसलाय. एक शब्द आठवला असता तरी आत्याने टूल सोडवून पुन्हा बसवलं असतं. अख्खी संध्याकाळ हातात होती. आत्याने टूल मखमलीच्या डबीत ठेवलं आणि ती घरी जाऊन लवकर झोपली.

दुसऱ्या दिवशी सगळे लेथभोवती जमले. तपासनीस उंच, नाकात बोलणारा. त्याच्या खिशात एक कार्ड होतं, बारीक अक्षरांनी छापलेलं. ड्रम आरशासारखा झाला की कार्ड त्याच्यासमोर धरायचं आणि प्रतिबिंबातली उलटी अक्षरं वाचायची. वाचता आली तर माल पास. दीडशे ड्रम ठरले होते.

आत्याचं टूल आधी चढलं. पहिला ड्रम उतरला आणि तपासनिसाने कार्ड धरलं. त्याला कार्डाच्या तळाशी छापखान्याचं बारीक नावसुद्धा वाचता आलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, असा आरसा आपण बघितला नव्हता. आत्या भावाकडे बघून हसली नाही. तिने फक्त पदर नीट केला.

दहा झाले, वीस झाले. लेथवाला ड्रम चढवत होता, उतरवत होता. एकतिसाव्या ड्रमला कापण्याचा आवाज बदलला. रेशीम फाटावं तसा येत होता, त्यात कुठेतरी वाळूचा एक कण आला. तो भाचीने ऐकला, तिच्या बाबांनी नाही, लेथवाल्याने नाही. आत्या तर टूलच्या टोकाकडे टक लावून होती. मध्ये एकदा तिने भाचीकडे बघितलं, ठीक आहे ना, अशा नजरेने. भाचीने तिला बघू दिलं.

अडतिसाव्या ड्रमवर तपासनिसाने कार्ड जवळ नेलं, लांब नेलं, उजेडाकडे वळवलं. अक्षरं न्हाणीघरातल्या आरशात दिसावीत तशी दिसत होती.

“हा नाही,” तो म्हणाला. “पुढचा बघू.”

पुढचा त्याहून वाईट होता. लेथवाल्याने मशीन बंद केलं. त्याच्या अंगठ्याला ड्रमवर रेघा लागत होत्या; कोणी न विचारता त्याने त्या सगळ्यांना दाखवल्या.

मग तयार टोक चढलं. त्याचा पहिला ड्रम आत्याच्या पहिल्या ड्रमच्या पासंगालाही पुरला नसता, जरासा दुधाळ, पण अक्षरं वाचता येत होती. शंभराव्याची वाचता येत होती. दीडशेव्याचीही, तितकीच दुधाळ, तितकीच ठीक. तपासनीस म्हणाला, मला आरसा एक नको, सारखे दीडशे पाहिजेत.

आत्याने तोंड उघडलं. ती काय सांगणार होती ते सगळ्यांना ठाऊक होतं, पूर्वीही कोणीतरी दगड पुसताना बाजू फिरवली होती. तिचं बोट अर्ध्यापर्यंत उठलंसुद्धा. भाची समोरच उभी होती. पण हिच्यामुळे चुकलं म्हटलं तर भाऊ विचारणार, बाजू तर तू ऐकतेस, हिचा काय संबंध? त्याचं उत्तर दिलं की एकतीस वर्षांचं नावच गेलं. बोट खाली आलं. तिने त्याच बोटाने कानावरचे केस मागे सारले.

भाऊ जवळ आला. आवाज मायेचा काढून म्हणाला, “दगड थकला ग ताई तुझा.” सोमवारी मशीन येतंय. खोली रविवारपर्यंत रिकामी लागेल. तुझी सोय केलीय, तयार टोकं डब्यांत भरायची, बसून काम आहे, डोक्याला ताप नाही. मग वळून लेकीला म्हणाला की मशीनवर तू बस, त्याला कानबिन लागत नाही, दोन दिवसांत येईल. लेथवाले हसले. आत्याला ते ऐकू आलं नाही, पण दात दिसले.

खोलीत गेल्यावर आत्याने दार लावलं. टूल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिने बराच वेळ बघितलं. धारेच्या जागी एक सपाट पट्टी आली होती, साबणाची वडी वापरून झिजावी तशी. तिने काळ्या ठिपक्याच्या जागेवरून नख फिरवलं. डोळा काचेवरून न उचलता म्हणाली, “लवकर झाला होता.”

भाची एप्रनच्या गाठी सोडत होती. मागची गाठ घट्ट बसली होती, ती तिने शांतपणे, नख घालून सोडवली.

“काल चहाच्या आधी झाला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.” आत्याने डोळा उचलला. “दुसऱ्यांदा टेकवला तेव्हा किंचाळला होता ना?”

भाचीने एप्रन घडी करून स्टुलावर ठेवला.

“मी काय विचारते? तोंड इकडे कर.”

भाचीने तोंड तिच्याकडे केलं. पुरतं, उजेडात, ओठ नीट दिसतील असं. आत्याची नजर ओठांवर खिळली.

“किंचाळला होता का? एवढंच सांग. बाकी काही विचारत नाही.”

बाहेर लेथ पुन्हा सुरू झाला होता. भाचीने बाकावरचं प्रयोगशाळेचं पत्र उचललं, खिशात घातलं आणि दार उघडून निघून गेली.